नामाचा डबा आणि किशोरचा आवाज

नामाचा मुलगा डॉक्टर झाला तेव्हा गावाला आनंद झाला, पण तो कशाचा डॉक्टर झाला हे कळल्यावर गावाला त्याहून जास्त आनंद झाला. हृदयाचा नाही, हाडांचा नाही, डोळ्यांचा तर नाहीच. मुताचा! सिद्धगडाच्या पायथ्याशी, जिथून एसटी वळून मुरबाडला परत जाते त्या गावात, ही बातमी वर्षभर पुरली. देवळाच्या ओट्यावर बसलेली माणसं नामाला थांबवून विचारायची, "काय रे नामा, येवढी बुकं वाचून तुजा पोर शेवटी मुतखडंच येचतो काय?"

नामा हसायचा आणि पुढे चालू लागायचा. तो बोलणाऱ्यांतला नव्हताच. भात आणि नाचणी पिकवावी, बैल राखावेत, कुणाच्या दारात उभं राहू नये आणि आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवावं, एवढंच त्याचं शास्त्र. बैलाच्या बाबतीत मात्र तो फार चोखंदळ. म्हसा गावच्या जत्रेत व्यापाऱ्यांनी त्याला पाहिलं की ते कपाळाला हात लावायचे. दात बघणार, खूर बघणार, चालवून बघणार, आणि जुवाखाली जुंपून दोन तास राबवल्याशिवाय विसाराचे पैसे देणार नाही. "मालकाच्या तोंडाकडं बघून बैल घ्यायचा नसतो," असं तो म्हणायचा. हे बोलणं खरं होतं. फक्त माणूस आपलंच शहाणपण घरात वापरत नाही, ही गोष्ट वेगळी.

सत्तरी ओलांडली आणि नामाला त्रास सुरू झाला. बांधावर उभा राहिला की बराच वेळ काही होईना. झालं तर तुटक. परत घराकडे वळावं तोच पुन्हा जावंसं वाटे. लग्नाकार्याला जाणं त्यानं बंद केलं, कारण पंगतीतून मध्येच उठायची लाज वाटे. गुणाबाईच्या हे लक्षात आलं नसतं तरच नवल. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पावलांचा आवाज बदलला तरी बायकोला कळतो.

"अवो, किशोरला सांगा की. त्याचाच तर धंदा हाय," ती म्हणाली.

"काय सांगू गो त्याला? ज्याचं ढुंगण मी धुतलं त्याच्यापुढं आता लुंगी सोडून उभा राहू?"

गुणाबाईनं विषय सोडला, कारण तिलाही ते तसंच वाटत होतं. बाप लेकापुढे उघडा होत नाही. आमच्याकडे बाप मरतो तेव्हाच लेक त्याला अंघोळ घालतो.

तरी नामानं प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा त्यानं मन घट्ट करून किशोरला फोन लावला. किशोर कल्याणला राहायचा, तिथल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात काम करायचा आणि दर गुरुवारी शहापूरच्या बाजारपेठेत दवाखान्यात बसायचा. बापलेक भातावर बोलले, पावसावर बोलले, सून शीतलच्या नोकरीवर बोलले. "तब्येत काय म्हणते, बाबा?" किशोरनं विचारलं. नामाच्या ओठांपर्यंत आलं. "बरी हाय," तो म्हणाला, आणि किशोरनं "मग ठीक" म्हणून फोन ठेवला. डॉक्टरनं बापाला विचारलेला प्रश्न पेशंटला विचारल्यासारखा विचारला असता तर पुढचं सारं टळलं असतं. पण घरोघरी मातीच्या चुली.

आता जे सांगायचं ते नामाला फार उशिरा कळलं. आपण आधीच सांगून टाकू, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही, नुसतं लाज वाटण्यासारखं आहे.

किशोरकडे एके दिवशी दुपारी एका कंपनीची दोन माणसं आली. तरुण, चटपटीत, गोड बोलणारी. त्यांनी मोबाइलवरचं एक ॲप केलं होतं, 'सुखधार' नावाचं. लघवीला जाताना फोन जवळ धरायचा. शौचालयाच्या भांड्यातल्या पाण्यात धार पडते, तिचा आवाज फोन ऐकतो, आणि त्यावरून धार जोरात आहे की मंद ते ठरवतो. चांगली असेल तर हिरवा दिवा, नाही तर पिवळा, फारच वाईट असेल तर लाल. कल्पना वाईट नव्हती. हॉस्पिटलात धार मोजायचं यंत्र असतंच, पण त्यासाठी माणसाला तिथवर यावं लागतं. हे घरबसल्या होणार होतं.

फक्त ॲपला एक तज्ज्ञ डॉक्टर हवा होता.

किशोरला काय विचारायचं ते ठाऊक होतं. हे कुणाकुणावर तपासून पाहिलं? फ्लॅटमधल्या संडासात की गावातल्या? भांडं वेगळं असलं तर, पाणी नसलं तर काय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: बाहेर पडतं त्याचा आवाज होतो, पण आत जे साठून राहतं त्याचा आवाज कोण ऐकणार? हा धडा तो स्वतः शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात द्यायचा. मूत्राशय तुडुंब भरलेलं असतं आणि वरून थेंब थेंब ओघळत असतं, पेशंटला वाटतं आपल्याला होतंय, आणि तिकडे मूत्रपिंडं सडत असतात. पोटावर हात ठेवून बघा रे, असं तो त्यांना बजावायचा. त्या दुपारी मात्र बाहेर पेशंट खोळंबले होते, पुढे ऑपरेशन होतं, आणि समोरची माणसं "सर, तुमच्यासारखे लोक गावागावांत पोचायला हवेत" असं म्हणत होती. किशोरनं ॲप स्वतःच्या हॉस्पिटलच्या चकचकीत संडासात एकदा वापरून पाहिलं. हिरवा दिवा लागला. तो हसला आणि झालं.

पांढऱ्या कोटात फोटो काढला. मग मराठी आवाज भरायचा होता. लिहून आणलेलं वाक्य होतं, 'अभिनंदन, आपला निकाल समाधानकारक आहे.' किशोरला ते रुचलं नाही. "असं नको. हे गावाकडची म्हातारी माणसं वापरणार. त्यांना बाबा म्हणा, आई म्हणा. आपलं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे." कंपनीची माणसं खूश झाली. त्या साऱ्या कामात तज्ज्ञ म्हणून किशोरनं घातलेली भर ती एवढीच. आणि बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरच नामा होता, त्यामुळे आवाजात माया आली. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तरी उंटावर बसावं लागतं. किशोर खुर्चीतूनसुद्धा उठला नव्हता.

नामाचा भाचा सुनिल जीप चालवायचा, मुरबाड ते गाव अशा फेऱ्या मारायचा. त्यानं एका पॅसेंजरच्या फोनवर किशोरदादाचा फोटो पाहिला आणि धावत मामाकडे आला. नामाकडे किशोरनंच दिलेला जुना फोन होता. सुनिलनं त्याच्यात ॲप घातलं, वय भरलं आणि फोन मामाच्या हातात दिला.

"नमस्कार बाबा," फोन बोलला. "मी डॉक्टर किशोर. तुम्हाला काही त्रास होत असेल तर लाजू नका. मला सांगा. मी तुमच्यासोबत आहे."

नामा ओट्यावर बसला. आवाज किशोरचाच. फोटो किशोरचाच. आणि बोलणं तर असं, की जन्मात किशोर त्याच्याशी असं बोलला नव्हता. लाजू नका! जी एक गोष्ट आडवी आली होती तीच पोरानं ओळखली. नामाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

"ह्याला कळतं काय सगळं?" त्यानं विचारलं.

"म्हंजे काय! दादा तिकडं ऐकतो ना," सुनिल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही तसंच वाटत होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फोनवर माणूस बोलतो तेव्हा पलीकडे माणूस असतो, एवढंच तर आपल्याला ठाऊक.

नामा फोन घेऊन मागच्या बांधावर गेला. जमिनीवर लघवी केली, जशी जन्मभर केली. फोन म्हणाला, "बाबा, आवाज ऐकू आला नाही. पुन्हा प्रयत्न करा."

"सुनिल, त्याला ऐकू नाय येत म्हंतो!"

सरकारी योजनेतलं शौचालय होतं दारात, पण त्याचा खड्डा पावसात भरून वर आला तेव्हापासून त्यात लाकडं आणि कोंबड्या राहत होत्या. मग आवाज करायचा कशात? सुनिलनं इकडे तिकडे पाहिलं. पडवीत गोडेतेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा पडला होता, वरून कापलेला, गुरांना पाणी पाजायचा. "मामा, ह्याच्यात करा. लांब ऐकू जाईल."

डब्यात पहिले चार थेंब पडले आणि पत्रा वाजला. फोन म्हणाला, "छान, बाबा! आज धार चांगली आहे. पाणी भरपूर पीत राहा. उद्या पुन्हा भेटू." आणि हिरवा दिवा लागला.

तेव्हापासून रोज सकाळी हाच नेम. नामा डबा घेऊन घरामागे जायचा, गुणाबाई दाराशी उभी राहून ऐकायची. लेकाचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून तिला अर्थातच आवडायचं. एकदा तर तिनं फोन हातात घेऊन विचारलं, "किशोर, जेवलास काय रे?" फोन गप्प. "तो कामात असतो गो," नामा तिला समजावून म्हणाला. "येवढाच बोलतो."

ही गोष्ट हसण्यासारखी आहे हे मला ठाऊक आहे. पण मला हसू येत नाही.

उन्हाळा सरला, लावणी झाली. नामाची धार आता धार उरली नव्हती, नुसतं टिपकणं होतं. डब्याच्या पत्र्यावर टिप टिप टिप, लांबच लांब. जमिनीवर पडलं असतं तर त्याला स्वतःलाच कळलं असतं की काही खरं नाही. पण पत्र्यावर एकेक थेंब वाजायचा आणि फोनला वाटायचं, वा, किती वेळ चालली आहे धार! "बाबा, आजचा निकाल सगळ्यात उत्तम आहे," फोननं सांगितलं.

नामाला बेंबीच्या खाली काहीतरी टणक लागायचं. हात फिरवला तर भोपळा ठेवल्यासारखं. पायावर सूज येऊ लागली. जेवण नकोसं झालं. तरी तो म्हणायचा, "मला काय कळतं? तो येवढा शिकलाय." ज्या माणसानं मालकाच्या तोंडाकडे बघून कधी बैल घेतला नाही, त्यानं लेकाच्या आवाजावर भरवसा ठेवून स्वतःच्या शरीराला खोटं पाडलं.

दरम्यान किशोरचा एकदा फोन आला. त्या वर्षी गणपतीला त्याला येता येत नव्हतं, ते सांगायला. नामा लाजत लाजत म्हणाला, "तुजं बोलणं ऐकतो रोज सकाळी. बरा वाटतं."

किशोर क्षणभर गोंधळला आणि मग मोठ्यानं हसला. "तुम्ही पण वापरता, बाबा? अरे वा!" त्यानं हे शीतलला सांगितलं, हॉस्पिटलात सांगितलं, कंपनीच्या माणसांना तर आवर्जून सांगितलं. त्यांनी जाहिरातीत किशोरच्या फोटोखाली नवं वाक्य घातलं: 'माझे स्वतःचे वडीलही हेच वापरतात.'

वाक्य खरं होतं. बाप लघवीच्या त्रासाचं ॲप रोज वापरतो, हे कळलेल्या लघवीच्या डॉक्टरनं 'का वापरता' एवढं मात्र विचारलं नाही.

आणि नामा? नामाचा ऊर भरून आला होता. जन्मभर न बोललेला माणूस आता लेकाचं कौतुक सांगू लागला. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी आहे. तिथला झिपरू त्याच्याच वयाचा. लहानपणी दोघांनी एकत्र खेकडे धरले होते, पुढे झिपरू त्याच्या शेतात राबायला यायचा. झिपरूलाही हाच त्रास होता. नामानं त्याला घरामागे नेलं, स्वतःचा डबा दिला, स्वतःचा फोन धरला. हिरवा दिवा. "बघ, किशोर बोलला बरा हाय," नामा म्हणाला. झिपरूच्या मुलानं, अजयनं, मग आपल्या जुन्या फोनवर ते ॲप घालून घेतलं. वीटभट्टीवर जाताना तो फोन बापाकडे ठेवून गेला. वाडीत पत्र्याचा डबा मिळायला कितीसा वेळ!

दिवाळीच्या तोंडावर नामाला उचक्या लागल्या त्या थांबेनात. ओकाऱ्या झाल्या. मग तो भलतंच बोलू लागला, मेलेल्या बैलांना नावानं हाका मारू लागला. सुनिलनं त्याला जीपमध्ये आडवं घातलं आणि मुरबाड गाठलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईनं पोटावर हात ठेवला, आणि पहिला हात ठेवताच तिचा चेहरा बदलला. नळी घातली. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

"कधीपासून आहे हे? कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं ना, बाई," गुणाबाई म्हणाली. "डाक्टर रोज बघतो. आमचा पोरगाच हाय."

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि कल्याणला नेण्याचा कागद लिहिला.

कल्याणला किशोर हॉस्पिटलच्या दारातच उभा होता. रक्ताचे रिपोर्ट त्यानं दोनदा वाचले. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली. चार महिने आधी एक साधी नळी, एक साधं ऑपरेशन, रोज तो करतो तसलं, आणि बाप आणखी दहा वर्षं बांधावर उभा राहिला असता. आता डायलिसिसचं मशीन. मशीन म्हणजे जन्माची जोडीदारीण.

नामा चार दिवसांनी शुद्धीवर आला. किशोर त्याच्या उशाशी बसला होता. शीतल पायांशी उभी होती.

"बाबा," किशोर म्हणाला. "मला एकदा सांगायचं तरी होतं. एकदा!"

नामानं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "रोज सांगत होतो की रे. तूच तर बरा हाय बोलायचास."

किशोरला कळलं नाही. गुणाबाईनं पिशवीतून फोन काढला, सुनिलनं दाखवला होता तसा उघडला आणि खूण दाबली. वॉर्डमध्ये किशोरचा आवाज घुमला, प्रसन्न, मायाळू. "छान, बाबा! आज धार चांगली आहे. पाणी भरपूर पीत राहा." किशोर तोंड मिटून बसला होता आणि त्याचा आवाज बोलत होता. नामा फोनकडे बघत होता, मग किशोरच्या मिटलेल्या ओठांकडे, मग पुन्हा फोनकडे.

"म्हंजे तू नव्हतास ऐकत?"

"ते रेकॉर्ड केलेलं आहे, बाबा. आधीच भरून ठेवलेलं. सगळ्यांना तेच ऐकू येतं."

"सगळ्यांना बाबा बोलतो?"

किशोरनं मान हलवली.

"मंग जुवाखाली लावून बघितला नाय काय? लोकांच्या हातात देण्याआदी?"

किशोर रडायला लागला. नामानं भिंतीकडे तोंड केलं. त्याला राग आला होता, फार राग आला होता, पण रागावण्याइतकं बळ नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकलं असतं, तर भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं तो म्हणाला असता.

पुढचं सांगायला मला जड जातं. किशोरनं कंपनीला कळवलं. कंपनीनं वाईट वाटल्याचं कळवलं, आणि पुढल्या सुधारणेत 'हे निदान नव्हे, कृपया डॉक्टरांना भेटा' अशी ओळ बारीक अक्षरात घालू असं सांगितलं. "सर, तुमचा आवाज लोकांना सगळ्यात जास्त आवडतो," असंही सांगितलं. किशोरनं चिडून पुन्हा लिहिलं. मग हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. वडिलांबद्दल दुःख आहे, पण हे बाहेर बोलू नका, तुमचंही नाव जाईल आणि आमचंही. किशोर घरी आला, शीतलशी भांडला, आणि गप्प झाला. "बंद केलास काय तो?" नामानं विचारलं. "करतोय, बाबा. वेळ लागतो," किशोर म्हणाला. नामानं पुन्हा विचारलं नाही.

नामाला गावी आणलं. आठवड्यातून दोनदा सुनिलची जीप त्याला मशीनवर न्यायची आणि उरलेले दिवस तो पडवीत पडून असायचा. गाव भेटायला आलं. एवढा डॉक्टर मुलगा असून असं कसं झालं, हे सगळ्यांच्या डोळ्यांत होतं, तोंडावर कुणी आणलं नाही. मुताचा डॉक्टर म्हणून हसणारी माणसं आता हसत नव्हती, आणि ते नामाला जास्त झोंबलं. "वय झाला," तो म्हणायचा. "दुसरा काय!" आपलेच दात आणि आपलेच ओठ.

झिपरूही आला होता. बायकोनं, सरूनं, उकडून दिलेले करांदे, रानातले कंद, घेऊन. ओट्याच्या पायरीवर बसला, जसा नेहमी बसायचा. "काय झाला रे नामादा?"

"वय झाला," नामा म्हणाला.

"किशोरनं सांगितला नाय आदी?"

नामानं कूस बदलली. "दमलोय रे. ये तू परत."

शिमगा झाला. होळीची राख अजून देवळापुढे होती. एका सकाळी नामाला बरं वाटत होतं म्हणून तो काठी टेकत ओढ्यापर्यंत गेला, आणि पलीकडून त्याला आपल्या लेकाचा आवाज ऐकू आला.

"छान, बाबा! आज धार चांगली आहे."

झिपरू खोपटामागे पत्र्याच्या डब्यापाशी उभा होता. नामाला पाहून त्यानं लंगोटी सावरली आणि हसला. नामाची नजर खाली गेली. झिपरूचे पाय सुजलेले होते. घोट्यापाशी कातडी तकतकत होती.

नामाला हे सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. पडवीत पडल्या पडल्या अनेकदा सुचलं होतं. पण झिपरूला सांगायचं म्हणजे किशोरचं नाव सांगावं लागणार, आणि वाडीत सांगितलं की गावात जाणार. उद्या सांगू, किशोर ते बंद करीलच, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. किशोर साहेबांना भ्यायला होता. नामा कुणाला भ्यायला होता? देवळाच्या ओट्याला.

"कपडं घाल," तो झिपरूला म्हणाला. "शहापूरला जायचाय. आज गुरुवार हाय."

"कशाला? किशोर तर बोलला..."

"चल म्हंतो ना!"

सुनिलनं जीप काढली. मुरबाड गेलं, शहापूर आलं. दवाखाना भरलेला होता, बाकावर जागा नव्हती, दार उघडंच होतं आणि आत किशोर पेशंट बघत होता. नर्स संजीवनी नामाला ओळखायची. ती "आत चला ना, बाबा" म्हणाली, पण नामा मानेनं नको म्हणाला आणि झिपरूला घेऊन रांगेत भिंतीला टेकून बसला. नंबर आला तेव्हाच उठला.

किशोर दचकून उभा राहिला. "बाबा? तुम्ही? आज तर मशीनचा दिवस..."

"मी पेशंट नाय. हा हाय."

किशोरनं झिपरूला पाहिलं, मग त्याचे पाय पाहिले. "काय होतंय, झिपरूकाका?"

झिपरू लाजून हसला. "तुला काय सांगायचा आता? रोज सांगतो की. सकालीच बोललास, छान हाय." आणि त्यानं खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. हिरवा दिवा तसाच होता.

"काका, टेबलावर झोपा. मी तपासतो," किशोर घाईनं म्हणाला.

"तपासशील," नामा म्हणाला. "आदी त्याला सांग."

"बाबा, लोक आहेत बाहेर."

"असूंदे. त्यांच्याबी फोनात तू असशील."

बाहेरची कुजबुज थांबली. संजीवनी दार लोटायला पुढे झाली, नामानं काठी आडवी धरली. किशोरनं बापाकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की बाप अखेर मान खाली घालील, कारण आजवर तसंच झालं होतं. नामानं मान खाली घातली नाही.

"काका," किशोर म्हणाला. त्याचा आवाज फोनमधल्यासारखा मुळीच नव्हता. "ते मी तुमच्याशी बोलत नव्हतो. तो आवाज आधीच भरून ठेवलेला आहे. मला तुमचं काही ऐकू येत नव्हतं. बाबांचंही नाही. ते ॲप मी नीट तपासलं नव्हतं, आणि त्याच्यावर माझं नाव दिलं."

नामाच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. बोलला एकदाचा, त्याला वाटलं. आता झिपरू ओरडेल, शिव्या देईल, देऊ दे. लेकाच्या वाट्याच्या शिव्या आपणही शेजारी उभं राहून खाऊ.

झिपरूनं किशोरला काहीच विचारलं नाही. तो टेबलाच्या कडेला बसला, सुजलेले पाय खाली सोडून, आणि नामाकडे वळला.

"नामादा," त्यानं विचारलं, "तुला कदी कळला?"

नामानं काठी घट्ट धरली. "दिवाळीला," तो म्हणाला.

झिपरूनं मान डोलावली. "मी करांदं घेऊन आलो होतो तवा तुला ठावं होता," तो म्हणाला, आणि तपासून घेण्यासाठी टेबलावर आडवा झाला.